हिराजीकाकांची वाळू

मार्केटमध्ये पोत्यासकट पडून आबांचा, माझ्या वडिलांचा, खुबा मोडला, तेव्हापासून ते वॉकर धरून चालायचे. सानपाड्यातल्या आमच्या बैठ्या घरापासून रस्ता पंचवीस पावलांवर, पण मधे सगळी भुसभुशीत माती. वॉकर रुतायचा. दवाखान्यात न्यायचं तर मी आबांना पाठुंगळी घ्यायचो. जन्मभर दुसऱ्यांची पोती वाहिलेला माणूस. तो आता माझ्या पाठीवर.

घरातला पहिला बी.एस्सी. मी. नोकरी लागताच ठरवलं, दारापासून रस्त्यापर्यंत पेव्हर ब्लॉकची वाट करायची. काम तळवली गावच्या हिराजीकाका मिस्त्रींना दिलं, आणि माझी चिडचिड सुरू झाली.

काका मिठागरात वाढलेले; तिथली जमीन पायांनी तुडवूनच घट्ट करतात. खडीवर वाळू पसरली की चपला काढून, डोळे मिटून तिच्यावर सावकाश चालायचे. मधेच थांबायचे. "हितं पोकल हाय." की तेवढा भाग उकरायचा, पाणी मारायचं, पुन्हा धुमसानं ठोकून घट्ट करायचा. चार दिवस झाले तरी ब्लॉकांचा ढीग होता तसाच.

"काका, समोरच्या सोसायटीचं अख्खं अंगण दोन दिवसांत झालं."

"मंग त्यांचाच मिस्त्री आन. मना कशाला बोलावलास?"

कारण विचारलं की त्यांचं एकच उत्तर असायचं, "समजंल." त्या एका शब्दानं माझं डोकं फिरायचं.

अखेर ब्लॉक बसले. फटींत मात्र नुसती वाळू.

"सिमेंट नाही भरायचं?"

"नाय."

"का?"

"समजंल."

शिकलेल्या माणसाला हे कसं पटावं? ते गेल्यावर मी सिमेंट कालवलं आणि फटींत ओतलं. घराकडची अर्धी वाट झाली, तेवढ्यात गोणी संपली. उरलेली वाट वाळूवरच राहिली.

आबा वॉकर घेऊन माझ्या आधारानं वाटेवरून चालू लागले. महिन्याभरात वाटेखालचा नळ फुटला. काका आले. रस्त्याकडचे ब्लॉक त्यांनी पहारीच्या टोकानं एकेक उचलून बाजूला रचले, एकालाही टवका नाही. घराकडचे छिन्नीनं फोडावे लागले. निम्म्यांचे तुकडे झाले. आबा पुन्हा माझ्या पाठीवर.

"समजलं?" काकांनी विचारलं. "कालेजात हेच शिकवतात काय रं?"

आबा खाटेवरून म्हणाले, "हिराजी, पोराला बोलू नकोस."

"बोलत नाय आबा, कामाला लावतो. काढ रं चपला."

नळ दुरुस्त करून पुन्हा पसरलेल्या वाळूवर मी डोळे मिटून चाललो. काहीच कळेना. पुन्हा चाललो. काका बिडी ओढत बघत बसलेले. संताप त्यांचा येत होता की स्वतःचा, सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी टाचेखाली काहीतरी किंचित दबलं.

"काका, इथं पोकळ आहे."

"मंग उकर. मना काय सांगतो?"

उकरलं, धुमसलं, ब्लॉक बसवले, फटींत वाळू लोटली.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या पश्चात ती वाट नळासाठी दोनदा उचलली आणि त्याच ब्लॉकांनी परत बसवली. दोन्ही वेळा वाळूवर अनवाणी मीच चाललो. पण काकांच्या देखत वाट पुरी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी वॉकर उचलला. मी पुढे झालो तर हातानंच थांबवलं. दारापासून रस्त्यापर्यंत आबा एकटे चालत गेले.