नाव बदलावं लागन

कमलीबाई माह्यी मोठी जाऊ. किन्हीराजाच्या अलीकडे आमचा तांडा हाय, तिथं आमची दारं एकमेकाले लागून. तिच्यासारखं रडनं साऱ्या तांड्यात कोनाले जमत नाई. हसू नका! आमच्यात पोट्टी सासरी निंगाली का मायच्या, काकीच्या, मैतरनीच्या गळ्यात पडून गात गात रडते. त्याले ढावलो म्हनतात. ते काई उगं भोकाड पसरनं नाई. त्याले चाल हाय, अन् त्यात पोट्टी मनातलं सारं सांगते. मले वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, आता कायले धाडता, म्हने. लगन ठरलं का नवरीले शिकवाले कमलीबाईच लागे. माह्या पोरी तिनंच शिकवल्या.

अन् तिची सोताची शीला ढावलो न गाताच गेली. आमी सारे सांगलीकडे ऊस तोडाले गेलो होतो. सकाळी उठून पाह्यलं त कोपीत, म्हंजे फडावरच्या झोपडीत, शीला नाई. तिकडच्याच एका ट्रॅक्टरवाल्या पोराबरोबर निंगून गेली. फोन लावला त बंद. हंगाम सरल्यावर तांड्यात आलो, तवा माह्ये भासरे, म्हंजे तिचा बाप सोमला, म्हनले, "ह्या घरात तिचं नाव निंगाले नाई पायजे."

निंगालं बी नाई. अवो, मेलेल्या मानसाचं नाव घेतात लोक, अन् इथं जित्या पोट्टीचं नाव बंद! मले असा राग ये का काय सांगू. पन भासऱ्यापुढं मी तोंड कशी चालवू? कमलीबाई मात्र तवापासून कोन्या लगनात गेली नाई. तांड्यात नवरी निंगाची असली का ही विळा घेऊन वावरात जाये. तिकडे तन असो का नसो.

औंदा उन्हाळ्यात वैभवी नावाची एक पोट्टी अमरावतीच्या कॉलेजातून आली. शिकलेली, पन सुदी, आमच्या ताटात जेवनारी. ऊस तोडाले जानाऱ्या बायांच्या जिंदगीवर ती पुस्तक लिहून राह्यली होती. तिची रीत अजबच. प्रश्नांची रांग नाई, काई नाई. मोबाईल चालू करून मधात ठेवला अन् कमलीबाईले म्हनली, "मावशी, तुमच्या आयुष्यात जे जे घडलं ते जिथून वाटेल तिथून सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

"काय सांगू माय? जातो, ऊस तोडतो, येतो."

झालं! संपली जिंदगी. वैभवी चूप. आमी बी चूप. कमलीबाईनं मले कोपर मारलं, "ही रुसली काय वो?"

"म्याडम," मी म्हटलं, "निदान हुं तरी म्हना! आमच्याइथं सांगनाऱ्याले कोनी हुं देल्ला नाई त त्याची जीभच उचलत नाई."

ती हसली. म्हने, आम्हाला गप्प बसायलाच शिकवतात, पण हुं चालतं. मंग तिनं हुं देल्ला अन् कमलीबाई सुरू झाली. न्हानपन, लगन, पहिला फड, पाचटाची कोपी. पोट्टी फडातच झाली, म्हने, दुसऱ्या बायांनी लुगडं आडवं धरलं. उसाच्या मोळीजवळ झोळी बांधून वाढवली. दहावीपर्यंत शिकवली. रस्त्यात कागद सापडला तरी वाचल्याबिगर टाकत नसे ती. सारं सांगे, पन नाव नाई घे. पोट्टी, पोट्टीच म्हने. भायेर बाजीवर भासरे दोर वळत बसले होते.

मंग ती सकाळ आली, ज्या दिवशी कोपी रिकामी दिसली. तिथं कमलीबाई थांबली. वैभवीनं हुं देल्ला. अन् एकाएकी कमलीबाई उठली, त्या परक्या पोट्टीच्या गळ्यात पडली अन् ढावलो गाऊ लागली. मायचा नाई, वो! लेकीचा. शीलानं जे म्हनाचं राह्यलं होतं ते सारं तिनंच म्हटलं, आमच्यात मायले म्हनतात तसं याडी, याडी करत. याडी, मले कायले धाडतं, याडी, तुह्या हातची भाकर आता मले कोन देईन. सोताच लेक, सोताच माय. वैभवीचे डोळे गळून राह्यले होते, अन् हुं म्हनाचं तिले भान नव्हतं.

लय टायमानं कमलीबाईनं तोंड पुसलं. "तुमी तिकडे सांगलीकडच्या बायांले बी भेटता ना? माह्या पोट्टीले हे आयकवा."

"जाईन मावशी, विचारीनही. पण केवढा मुलूख तो. सापडेलच असं कसं सांगू?"

"मंग पुस्तकात त येईन? ती वाचते. कधी ना कधी हाती पडन तिच्या."

"येईल. पण तुमचं नाव बदलावं लागेल. तांड्याचं, माणसांचं, सगळ्यांचीच नावं बदलतो आम्ही. तुम्हाला कोणाचा त्रास होऊ नये म्हणून."

कमलीबाईचं तोंड उतरलं. "नाव बदलवसान त तिले कसं समजन का मायच बोलून राह्यली?"

मले त वैभवीचाच राग आला. सारं काळीज काढून घ्याचं अन् वरून नाव पुसाचं! "ही कोनती रीत हो म्याडम?" मी फाडकन म्हटलं. ती बिचारी हळूच म्हनली, "मावशी, तुमच्या नावाच्या जागी कोणतं नाव घालायचं ते तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तेच लिहीन."

कमलीबाई उगीच जमिनीवरून हात फिरवत बसली. मंग मान वर केली.

"माह्यं नाव शीला लिहा."

भायेर दोर वळाचं थांबलं. वैभवीनं वहीत लिहिलं.

"काय लिहिलं? वाच."

"शीला."

भायेर बाज करकरली, भासरे उठले वाटते. कमलीबाईनं तिकडे पाह्यलं बी नाई. ती वैभवीच्या तोंडाकडेच पाहून राह्यली होती.

"आजूक एकडाव म्हन, पोरी," ती म्हनली. "जोरानं म्हन."