शेवटच्या पाण्यातला थेंब

तिसऱ्या वर्षाला मॅडमनी आम्हा दोघी मैत्रिणींना प्रोजेक्टसाठी एकच प्रश्न दिला. बोअरच्या पाण्यातला क्षार भांड्याला चिकटून बसतो, तो कशाने थांबेल? मैत्रिणीने चुंबक घेतले. मला डिटर्जंट उरलं.

तिच्या वडिलांचं नारायणगावात ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. ड्रिपरची भोकं क्षाराने बुजू नयेत म्हणून पाइपवर चुंबक बसवतात, तसले चार ती पिशवीतून घेऊन आली. सगळी लॅब बघायला जमली. कुणी टाचण्या चिकटवल्या, कुणी गाडीची चावी. माझ्या साबणाच्या बाटलीकडे कुणी का बघेल?

मला तिचा हेवा वाटायचा, हे आज लिहितानाही जड जातं. ती मॅडमशी बोलताना वाक्य आधी मनात जुळवत नाही, मी जुळवते. माझ्या डब्यातली चटणी ती न विचारता घ्यायची आणि "लई भारी गं" म्हणायची, त्याचाही मला राग यायचा.

पुण्यात विद्यापीठाचं प्रदर्शन होतं. प्रोजेक्ट दोघींचा, पण तिथे एकीनेच बोलायचं होतं. जिच्या भागाचे निकाल चांगले, ती जाईल, असं मॅडमनी सांगितलं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मला जायचंच होतं.

आम्ही बीकरमध्ये तेच पाणी उकळून बघत होतो. साध्या पाण्याने काचेवर पांढरा, खरवडूनही न निघणारा थर धरला. मी मोजून डिटर्जंट घातलेल्या पाण्यात क्षार तळाशी सैल गाळासारखा बसला आणि काच मोकळी राहिली. मला वाटलं, जिंकले. मग तिने चुंबक लावलेल्या नळीतून सोडलेलं पाणी उकळलं. तिची काचही मोकळी!

"पाण्यात काहीच न घालता!" मॅडम म्हणाल्या. "हे शेतकऱ्याला आवडेल."

ती माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. एसटीत मात्र आळेफाट्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

माझी आई आळेफाट्याला हॉटेलात ग्लास धुते. त्या दिवशी ती सुटेपर्यंत मी मागच्या मोरीपाशी थांबले. तिने ग्लास विसळले, मग बादलीभर स्वच्छ पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा थेंब टाकून त्यातून काढले आणि तसेच उपडे घातले.

"परत नाही धुवायचे?" मी उगाच विचारलं.

"पुन्ना साधं पाणी लावलं की पांढरं डाग पडत्यात. तुला म्हाईत न्हाई व्हय? घरी तर तसंच करतीस."

घरीच नव्हे, लॅबमध्येही मी तसंच करत होते. चुंबकाचे बीकर तिने मला धुवायला दिले होते. "तुझ्या हातचे चमकतात," म्हणाली होती. तिचे साध्या पाण्याचे बीकर कपाटातून काढलेले कोरे होते. म्हणजे तिच्या चुंबकाच्या बीकरमध्ये माझा साबण होता.

रात्रभर मला आनंदच होत होता. चूक माझी होती, तरी हरणार होती ती.

सकाळी मॅडम आणि मैत्रिणीसमोर मी बीकर कसे धुतले होते ते सांगून टाकलं. "तुला ही पद्धत कुठून सुचली?" त्यांनी विचारलं.

"घरी... म्हणजे, असंच."

"अगं, मग बीकर नीट धुऊन पुन्हा करून बघू," मैत्रीण म्हणाली. "चुंबक काय पळून जाताहेत?"

या वेळी चुंबकाच्या पाण्यानेही काचेवर थर धरला. एका बीकरला जरा कमी, बाकीच्यांना साध्या पाण्याइतकाच. त्यावरून चुंबकाबद्दल ठाम काही म्हणता येत नाही, असं मॅडमनी लिहायला सांगितलं. "तू जा," त्या मला म्हणाल्या.

मैत्रिणीने माझ्या पाठीवर थाप मारली. "आईचं हॉटेल सांग हं तिथे. मस्त गोष्ट आहे." आईचं काम तिला केव्हापासून माहीत होतं, मला कळलं नाही. मी तर दोन वर्षं ते लपवत होते. तिचं आजवर सगळ्यात जास्त काही खुपलं असेल तर ते हे, की माझ्या घरचं ती इतकं सहज बोलू शकते.

पुण्यात परीक्षकांसमोर मी सांगितलं, "माझी आई हॉटेलात ग्लास धुते, त्यांच्यात अशी पद्धत आहे." शेवटच्या पाण्यात लिक्विडचा थेंब टाकायचा, हेही सांगितलं. ते जरा पुढे वाकले आणि म्हणाले, "थेंब केवढ्या पाण्यात?"

मला माहीत नव्हतं. बादली मी कधी मोजली नव्हती. तसं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, वहीत काही लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मी तिथेच उभी राहिले. ती असती तर तिने त्यांना हसवून थांबवून ठेवलं असतं, हेच डोक्यात होतं.