चढाचा रस्ता

त्याचं नाव मी आधी विचारलं नाही, आणि नंतर विचारायची लाज वाटली.

आलापल्लीच्या चहाच्या टपरीवर मी सुट्टीतली सायकलची सहल आखत होतो. बाकावरचा एकजण आपणहून म्हणाला, "भाऊ, पहाडाच्या रस्त्यानं चाला. माह्या सासुरवाडीत जेवू, सांजच्याले वापस येऊ." मला नदीकाठचा सपाट रस्ता हवा होता, पण तो चढाचंच कौतुक करत राहिला.

सकाळी तो आला. सायकल कोरी, दांड्याला अजून लग्नातला गोंडा. टपरीपासूनच चढ होता, म्हणून दोघंही सायकली ढकलत, गप्पा मारत निघालो. उतार लागला तसा मी सुसाट खाली गेलो आणि मोहाच्या झाडाखाली थांबलो. बऱ्याच वेळानं तो आला, पायीच, सायकल हातात धरून.

"चालवता येत नाही का?" मी हसत विचारलं.

त्यानं उपरण्यानं स्वच्छच असलेली सीट पुसली. "लग्नात सासऱ्यानं देल्ली. पोरगी मांगताना माह्या बाबानं सांगतलं, पोरगा सायकल चालवते. आता कोन्या तोंडानं नाई म्हणू?"

माझं हसू जिरलं. पुढे मीही पायीच चाललो. गावाच्या वेशीशी त्यानं धोतर वर खोचलं आणि घंटी वाजवली.

सासरा अंगणात पाण्याची बादली घेऊन उभा होता. "कशी चालवते आमचे जवाई सायकल?" त्यानं मला कौतुकानं विचारलं.

"मला काही त्यांना गाठता आलं नाही," मी म्हणालो.

जावई खाली मान घालून पाय धूत राहिला. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते.