खिशातला राजीनामा

नोकरीच्या अकराव्या दिवशी त्या नव्या नर्सच्या हातून चूक झाली. सात नंबरच्या खाटेवर लॉरी ड्रायव्हर आणि आठ नंबरवर पायाला जखम झालेले शिंपीकाका, हे तिने डोक्यात पक्कं बसवलं होतं. पण शिंपीकाकांना स्वस्थ बसवतंय कुठे! शर्टाचं बटण लावायला खिडकीजवळचा उजेड हवा, म्हणून दोघांनी सकाळीच परस्पर खाटा बदलल्या. हिने सात नंबरची बीपीची गोळी सात नंबरलाच दिली. ती गेली काकांच्या पोटात.

काकांना दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. कुणालाच कारण कळलं नव्हतं. ती गप्प बसली असती तर प्रकरण सहज खपून गेलं असतं. पण ही धावत मोठ्या सिस्टरांकडे गेली आणि सगळं सांगून बसली. डॉक्टर आले. दुपारपर्यंत काका उठून बसले आणि राहिलेलं बटण लावून मोकळे झाले.

ड्युटी संपल्यावर तिने मोठ्या सिस्टरांपुढे राजीनामा ठेवला. तीन वर्षं शिकून अकरा दिवसांत गाशा गुंडाळायचा, या विचाराने तिला रडू आवरेना.

"हा कागद पंधरा दिवस तुझ्याच खिशात ठेव," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मग द्यावासा वाटला तर दे. आणि डोळे पूस, उद्या सकाळची ड्युटी आहे."

दुसऱ्या दिवसापासून तिने नवंच खूळ डोक्यात घेतलं. गोळी असो की थर्मामीटर, आधी पेशंटला पूर्ण नाव विचारायचं, मनगटावरच्या नावाच्या पट्टीशी ताडून बघायचं, मगच हात लावायचा. दिवसातून सहा वेळा! वॉर्डात तिचं नावच पडलं, 'नाव सांगा'.

"अगं, सकाळीच सांगितलं की," शिंपीकाका करवादायचे. "जेवल्यावर माणसाचं नाव बदलतं का?"

"खाट बदलते ना काका," ती म्हणायची. काका गुपचूप मनगट पुढे करायचे.

कागद खिशात ठेवल्याच्या तेराव्या दिवशी बारा नंबरच्या आजोबांसाठी रक्ताची पिशवी आली. मोठे डॉक्टर घाईत होते. ऑपरेशनला आधीच उशीर झालेला.

"लाव लवकर!"

"आजोबा, नाव सांगा."

"नाव काय विचारतेस? कागदावर बारा नंबर लिहिलंय ना!" डॉक्टर ओरडले.

पण तिने सुई उचलली नाही. आजोबांनी अडखळत नाव सांगितलं. तिने पट्टी पाहिली, पिशवी पाहिली. नाव वेगळं, रक्तगट वेगळा. आधीचा बारा नंबर सकाळीच वरच्या मजल्यावर गेला होता.

डॉक्टरांनी पिशवी हातात घेऊन दोनदा वाचली. चेहरा पार उतरला होता. योग्य पिशवी आली तेव्हा त्यांनीच खाली वाकून विचारलं, "आजोबा, पूर्ण नाव सांगता?" त्या क्षणी तिला इतका आनंद झाला की वॉर्डभर नाचत सुटावंसं वाटलं.

पंधरावा दिवस उजाडला. मोठ्या सिस्टरांनी हात पुढे केला. "आण तो कागद."

तिने खिसा चाचपला. बाहेर आला तो पांढरा, वाळलेला, सुपारीएवढा बोळा. युनिफॉर्म दोनदा धुतला, तरी कागदाची तिला आठवणसुद्धा झाली नव्हती. मोठ्या सिस्टर एवढ्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"बरं झालं, आता कामाला लाग," त्या म्हणाल्या. "सात नंबरच्या इंजेक्शनची वेळ झालीय."

"सात नंबरच्या नाही, सिस्टर," ती ट्रे उचलत म्हणाली. "शिंपीकाकांच्या."