जाऊबाई आणि टिकलीची मासोळी

कुठलीही चीज हाती आली की आमच्या थोरल्या जाऊबाई आधी तिचं तोंड पाहायच्या. वासराचं, कोंबडीचं, मडक्याचं, आणि माणसाचं तर हमखास. लग्न होऊन मी आसेगावच्या पलीकडच्या त्या खेड्यात आले, तेव्हा उंबऱ्यावरच माझी हनुवटी धरून त्यांनी माझा चेहरा उजेडाकडं वळवला आणि घराला ऐकवलं, "बोलनारी हाय. जेवनारीबी हाय. येऊ द्या आत." सासरी मिळालेलं माझं ते पहिलं प्रमाणपत्र.

"तोंड पाह्य, पोटातलं समजते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भासरे, म्हणजे त्यांचे यजमान, बैल घ्यायला गेले की दात पाहत, आणि या शेजारी उभ्या राहून ओठ पाहत. अंदाज बहुतेक बरोबर निघे. चुकलाच, तर दोष जनावराचा. "माहं नाई चुकलं. बाजारातून येता येता त्यानंच तोंड बदललं," असं त्या इतक्या ठामपणे म्हणत की भासरे निमूट चारा टाकायला उठत.

आमच्या वस्तीला स्वतःची विहीर होती. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पोहरा टाकू देत नसत, म्हणून दीक्षा घेतल्यावर सगळ्यांनी मिळून ती खणली होती. भासऱ्यांनी खडक फोडला आणि जाऊबाईंनी डोक्यावरून दगड वाहिले. तान्ही लेक तेव्हा निंबाखाली फडक्याच्या झोळीत निजलेली असे. ती लेक पुढं हिवतापानं गेली. जाऊबाई तिचं नाव घेत नसत, पण कुणाचं अंग तापलं की हातातलं काम टाकून त्याच्यापाशी जाऊन बसत.

मी सासरी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी हिवतापानं पुन्हा उचल खाल्ली. घराघरात माणसं गोधड्या पांघरून कुडकुडत होती. मलेरियावाला बोटातलं रक्त काचेवर घेऊन गेला, गोळ्या देऊन गेला, आणि जाता जाता विहिरीत वाकून म्हणाला की पाण्यात डासांच्या अळ्या आहेत, त्या खाणारे मासे सोडा. आता मासे म्हणजे मासे. वस्तीतल्या पोरांनी नाल्यातून हाती लागतील ते आणून ओतले. ते तळाशी जाऊन गाळ उकरत बसले, आणि आठवड्याभरात मरून वर आले. सगळी विहीर उपसावी लागली. भासऱ्यांनी चारचौघांत बजावलं, "आता इहिरीत मासा पडता कामा नाई. आपल्या हातानं खनलेली इहीर हाय ते."

आणि नेमका तेव्हाच मला ताप आला. पाचवा महिना चालू होता. हिवतापात पोट राहत नाही, असं बायका माझ्या बाजेपाशी बसूनच कुजबुजत. मला फार भीती वाटत होती. जाऊबाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि जुन्या लुगड्याचं फडकं नि पितळी गंज, म्हणजे पातेलं, घेऊन नाल्याकडं निघून गेल्या.

ऊन कलताना परतल्या. गंज माझ्या बाजेजवळ ठेवला. आत बोटाएवढ्या चार-सहा मासोळ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर चांदीसारखा एक ठिपका चमकत होता. तशी मासोळी आमच्यात कुणी ओळखत नव्हतं. भासरे दारातूनच म्हणाले, "डोक्यावर हे काय चमकून राह्यलं? इखारी असंन."

"टिकली हाय. मीबी लावतो. मी इखारी हाव काय?" जाऊबाईंनी विचारलं.

"ते आमाले नको इचारू," भासरे म्हणाले. तापातही मला हसू आलं.

जाऊबाईंनी एक मासोळी ओंजळीत घेतली. "तोंड पाहा हिचं. वर उघडते. पोरायनं आनल्या त्याइचं तोंड खाली होतं, मिशा होत्या. ते चिखल चाचपूनच खानार. हिले मिशा नाई. डोकं चपटं, पाठीवरचा पंख पार शेपटीपाशी. हे पान्याच्या सायीवरच राह्यते, अन् वरचंच खाते."

"अन् नाई खाल्लं त?"

"त मी बोलनं सोडून देतो."

एवढी मोठी पैज त्या घरात कधी लागली नव्हती. ढोरांच्या टाक्यातलं वळवळतं पाणी त्यांनी गंजात ओतलं. मासोळ्या जागच्या जागी थबकल्या, मग एकेक अळी वरच्या वर टिपू लागल्या. भासरे उकिडवे बसून पाहत राहिले. गंजातली वळवळ संपली तेव्हा ते उठले आणि स्वतःच गंज उचलून विहिरीवर गेले. जाऊबाई पुढं गेल्या नाहीत. माझ्या उशाशी बसून पदरानं डोळे पुसत राहिल्या.

ताप उतरला. गोळ्यांनी की मासोळ्यांनी, ते मी सांगू शकत नाही. जाऊबाई सांगू शकत होत्या, आणि भेटेल त्याला सांगत होत्या. मला मुलगी झाली. सुईणीच्या हातातून त्यांनी तिला घेतलं, हनुवटी धरून उजेडाकडं वळवलं, बराच वेळ पाहिलं. "तोंड वर हाय इचं," एवढंच म्हणाल्या, आणि लेकीच्या मरणानंतर कधी न घेतलेलं ते नाव त्यांनी माझ्या मुलीला ठेवलं.

पुढं यजमानांच्या नोकरीपायी आम्ही अकोल्याला आलो. जाऊबाई गेल्याचा निरोप मिळाला तेव्हा मी लेकीला घेऊन मिळेल त्या गाडीनं निघाले, पण पोचलो तोवर माणसं मातीहून परतत होती. जन्मभर जिनं सगळ्यांची तोंडं पाहिली, तिचं तोंड मला शेवटचं पाहायला मिळालं नाही. मी अंगणात बसून रडले. मग लेकीचा हात धरून विहिरीवर गेले आणि काठावरून वाकले. आमची सावली पडताच खाली टिकल्या चमकल्या. पाण्याच्या सायीवर त्या सगळ्या गोळा झाल्या होत्या, तोंडं वर करून.