वैद्यबुवांनी पुसलेलं तळं

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणत. पूर्वी त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. जुना दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणं लोकांना सोयीचं वाटायला लागलं तसं दुकान बसलं, आणि ऐन पन्नाशीत हे गृहस्थ आमच्या खेळाच्या कंपनीत तक्रारी निस्तरायला आले. खेळ साधा. ब्राउझर उघडायचा, त्यात एक तळं, तळ्यात बदकं. त्यांना खायला घालायचं, नावं द्यायची, काठावर झाडं लावायची. बदकं मी काढलेली आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते.

पण एका बाबतीत लोकांचं बरोबर होतं. सुरुवातीला खेळ कसा लोण्यासारखा चालायचा. तासाभराने बदकं अडखळायला लागायची, कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागायचा आणि शेवटी सगळं तळं जागच्या जागी थिजायचं. खेळ मेमरी घेत होता आणि परत देत नव्हता, एवढं सगळ्यांना कळत होतं. नेमकी कुठे अडकते ते शोधायला मात्र आमच्या साहेबांकडे वेळ नव्हता. त्यांना दर महिन्याला नवी टोपी घातलेलं बदक हवं असायचं.

मग सगळा भार वैद्यबुवांवर. तक्रारीचा फोन आला की नाडी बघावी तशी त्यांची चौकशी सुरू व्हायची. आणखी किती टॅब उघडे आहेत, ब्राउझर जुना तर नाही ना, मध्येच आणखी काही चालू आहे का. एवढ्याने भागलं नाही तर रामबाण उपाय ठरलेला: ब्राउझरने साठवलेलं सगळं पुसायचं, ब्राउझर बंद करायचा, पुन्हा उघडायचा. उपाय हमखास लागू पडायचा. मात्र पुसायला सांगण्याआधी ते न चुकता विचारायचे, "खातं उघडलंय ना तुम्ही?" कारण खातं असलं की तळं आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर जपलेलं असायचं. खातं न उघडता पाहुणा म्हणून खेळणाऱ्याचं तळं फक्त त्याच्या स्वतःच्या ब्राउझरात. ते पुसलं की गेलं.

त्यांच्या घरी सासूबाई होत्या. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. वैद्यबुवांची बायको आईचं सगळं हसतमुखाने करायची. डावा हात तरी हलता राहावा म्हणून वैद्यबुवांनी सासूबाईंपुढे आमचं तळं उघडून दिलं. खातं काढायचं म्हणजे ईमेल आला, पासवर्ड आला. म्हाताऱ्या माणसाला कशाला ती कटकट, नंतर बघू, म्हणून त्यांनी पाहुणा म्हणूनच सुरू केलं.

सासूबाई तळ्यात रमल्या. एक दिवस त्यांनी डाव्या हाताने एकेक अक्षर हुडकत एका पांढऱ्या बदकाला नाव दिलं, ठकू. ठकू म्हणजे वैद्यबुवांची बायको. लहानपणीचं ते लाडाचं नाव आईशिवाय कुणी घेत नसे, आणि वाचा गेल्यापासून आईनेही घेतलं नव्हतं. बदकावर टिचकी मारली की ते पंख फडफडवून ओरडायचं आणि डोक्यावर त्याचं नाव उमटायचं. तेव्हापासून पाणी हवं असलं, उशी सरकली, की सासूबाई ठकूवर टिचकी मारायच्या. ओरडणं स्वयंपाकघरात ऐकू जायचं आणि बायको हात पुसत यायची. डब्याच्या वेळी हे सांगताना वैद्यबुवांचा घास हातात राहायचा. मी इतकी बदकं काढली, पण असं चीज झालेलं दुसरं बदक मला माहीत नाही.

पुढे सासूबाई गेल्या. खाट आवरली, औषधं काढून टाकली. दुपारी कामं उरकली की बायको तळं उघडून बसायची, बदकांना खायला घालायची आणि एकदा ठकूवर टिचकी मारायची. वैद्यबुवा म्हणायचे, बसू दे बिचारीला.

एका सुट्टीच्या दिवशी ती म्हणाली, तळं फार अडकतंय, जरा बघता का. आणि गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेली. वैद्यबुवा बसले. दिवसभर जे लोकांना सांगायचे तेच त्यांनी केलं. सगळं पुसलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. परक्याला दहादा विचारणारा माणूस घरच्या माणसाला एकदाही विचारत नाही. "झालं गं," असं ऐटीत म्हणून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मोकळं तळं, आणि मधोमध नव्या माणसाला मिळतं ते करडं अंडं.

बायको कपडे घेऊन आली, बघितलं, आणि खुर्चीवर बसून कपड्यांच्या घड्या घालायला लागली. पुढे कधीतरी तिनेच त्यांची समजूत काढली. तुम्ही तरी काय करणार, अडकतच होतं, पुसावं तर लागलंच असतं. त्या वाक्याचा त्यांना फार आधार होता.

मला हे कळलं तेव्हा मी शहाणपणाने म्हटलं की तस्संच पांढरं बदक काढून देते, ठकू नाव घालते, कुणाला फरक कळायचा नाही.

"बदक तू काढशील गं," वैद्यबुवा म्हणाले. "हाक कुणी मारायची?"

चित्रासाठी उघडलेली फाइल मी बंद केली.

त्यानंतर मात्र ते त्या बिघाडाच्या हात धुऊन मागे लागले. साहेबांची कुरकुर चालू असतानाही प्रोग्रामरला खुर्चीवरून उठू देईनात. खेळ सुरू होताना मेमरीत काय आहे आणि तासाभराने काय आहे, ते शेजारी शेजारी ठेवून दोघे ताडून बघायचे. एक दिवस सापडलं. पडद्यावर जेमतेम सात बदकं होती आणि मेमरीत हजारो. अधूनमधून आकाशातून जी रानबदकं उडत जातात, ती पडद्याबाहेर गेली तरी खेळ त्यांना सोडतच नव्हता. ज्यांना कुणी नाव दिलं नाही, खायला घातलं नाही, ती सगळी धरून ठेवलेली. प्रोग्रामरने दोन ओळी बदलल्या आणि खेळ दिवसभर न अडखळता चालला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

वैद्यबुवा चेहरा पाडून बसले होते. मी कारण विचारलं. म्हणाले, ब्राउझर नुसता बंद केला की ती अडकलेली मेमरी आपोआप मोकळी होत होती. गुण बंद करण्याचा होता. पुसण्याचा काडीचा संबंध नव्हता.

मला साहेबांचा आणि त्यांच्या टोप्यांचा इतका राग आला की हातातला पेन मी टेबलावर आपटला. वैद्यबुवांना मी हात जोडून सांगितलं, घरी यातलं काही बोलू नका, वहिनी त्या एका वाक्यावर सावरल्या आहेत.

"त्या वाक्यावर मी सावरलोय," ते म्हणाले. "ती कुठे?"

त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. ती त्यांच्या सदऱ्याचं बटण लावत होती. दुसऱ्या दिवशी हे मला सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे नुसतं बंद करून उघडलं असतं तर?"

"तर होतं तसं राहिलं असतं."

तिने दोरा तोडला, बटण ओढून पाहिलं आणि सदरा त्यांच्या हातात दिला.

"मी गॅलरीतच होते हो," ती म्हणाली. "एक हाक मारायची होती."