घाडीमामाने गोरिलापुढे घातलेलं गाऱ्हाणं

घाडीमामाला हळू बोलताच येत नसे. इब्रामपुरात देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. नवी विहीर असो की कुणाची नवी गाडी, हातात नारळ घेऊन मामा "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरू झाला की अख्खा गाव ऐकायचा, आणि जमलेली माणसं दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायची. साखळीला आमच्या घरी त्याचा फोन आला की आई मोबाईल हातभर लांब धरायची. कुणी टोकलं तर उत्तर तयार. "देव काय बाजूक बसलोहा? आवाज पोचाक नको?"

असा हा दणदणीत माणूस माकडांपुढे मात्र गप्प. सगळे बागायतदार डबे बडवून माकडं हाकलायचे. मामाच्या बागेत ती खुशाल केळी सोलत बसायची आणि फक्त मामा दिसला की पळायची. मामी कपाळावर हात मारून घ्यायची. मीही एकदा त्याची थट्टा केली, "काय मामा, जावई लागतात का तुझे?" तो हसला नाही. म्हणाला, तरणा असताना ठासणीच्या बंदुकीने त्याने एक माकडीण पाडली होती. पिल्लू तिच्या पोटाला चिकटलेलं. "दोन दिस आवयक सोडूक नाय ता," मामा म्हणाला. बंदूक त्याने नदीत टाकली, पण मनातलं काही जाईना. "लोकांच्या चुकीची माफी मी मागतय. माझी कोण मागतलो?"

मी नोकरीला युगांडात, कंपालाला. सुट्टीवर आले तेव्हा तिकडच्या जंगलातल्या गोरिलांचा व्हिडिओ मामाला दाखवला. पोराला पोटाशी धरून एक गोरिलीण माणसांसमोर आरामात पाला खात होती. मामाने तो चार वेळा बघितला.

"हेंका माणसांचा भय नाय?"

"नाही रे. रोज माणसं बघून सवय झालीय."

"आमची माकडां माका बघून अजून पळतत. माका तिकडे व्हर. असल्या एका आवयसमोर माका उभा रवाचा आसा."

सत्तरीचा माणूस, पासपोर्टसुद्धा नाही! मामी म्हणाली, "म्हातारचळ लागलो!" पण मामाने एकदा ठरवलं की ठरवलं. चार महिन्यांत तो कंपालाला हजर, पिशवीत घरचा नारळ.

जंगलाच्या तोंडाशी वाटाड्याने नियम सांगितले. मास्क लावायचा, आत काही खायचं-टाकायचं नाही, बोलायचंच झालं तर कुजबुजायचं. गोरिला सापडले तर फक्त एक तास. मी मामाला एकेक समजावतेय तोवर त्याने नारळ वर धरून खड्या आवाजात सुरुवात केलीसुद्धा! इब्रामपूरचा अमका, अमक्याचा मुलगा, तुझ्या रानात पाहुणा आलोय, आल्या वाटेने परत जाईन. झाडावरचे पक्षी भुर्रकन उडाले. वाटाड्या धावत आला. आत पुन्हा असा आवाज निघाला तर सगळ्यांना तिथूनच माघारी नेईन, म्हणाला. बरोबरचे पाच-सहा परदेशी पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"मामा, आत तोंड उघडलंस तर माझी शपथ आहे!"

"अगो, सांगल्याशिवाय कोणाच्या रानात जातत?" म्हणत त्याने नारळ बाहेरच दगडावर फोडला आणि आमचं सामान वाहणाऱ्या हमालांना खोबरं वाटलं.

मग चार तास चढ. गुडघाभर चिखल, खाजऱ्या पानांचं रान. मी धापा टाकत होते आणि म्हातारा पुढे! मोडलेला देठ हातात घेऊन बघायचा, दाबलेल्या गवताकडे बोट करायचा. रानात वाढलेला माणूस तो. तिसऱ्या तासाला वाटाड्याही त्याच्या बोटाकडे बघूनच चालायला लागला. मला भारी अभिमान वाटला.

आणि ते दिसले. दहाएक पावलांवर बांबूच्या सावलीत एक गोरिलीण बसली होती, पोटाशी पोर. मामाने टोपी काढली, हात जोडले. मास्कच्या आत ओठ हलताना दिसले, पण आवाज नाही. शपथ पाळतोय, असं मला वाटलं. मग बघते तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. गावभर गाऱ्हाणी घालणाऱ्याला स्वतःचं एक घालवेना. त्याने माझ्याकडे बघून खूण केली, तू घाल.

आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. पण त्या क्षणी कसली रीत आणि कसलं काय! मी कुजबुजत म्हटलं, "बा रानाच्या म्हाराजा, ह्या माझ्या मामाच्या हातून एक आई मेली. जन्मभर तो ते विसरला नाही. त्याची चूक पोटात घाल."

शेजारून अगदी बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा."

गोरिलिणीने आमच्याकडे एकदा निरखून बघितलं. मग पोराला सावरत ती वळली आणि आमच्याकडे पाठ करून पाला खात बसली. तास संपेपर्यंत तिने मान वळवली नाही. मला तिचा रागच आला. एवढ्या लांबून आलेल्या म्हाताऱ्याला निदान तोंड तरी दाखवायचं!

मामाला देवाघरी जाऊन आता वर्ष होईल. त्या दिवशी उतरताना मी त्याची समजूत घालायला गेले. "मामा, जनावर ते. वाईट वाटून घेऊ नको. पाठ फिरवली म्हणून काय झालं?"

मामा वाटेत थांबला. चेहरा असा उजळलेला, की मी बघतच राहिले.

"अगो येडे, शिकाऱ्याकडे पाठ करून खयचाच जनावर बसना नाय," तो म्हणाला. "तिणा माझ्याकडे केल्यान."